भाजक्या मातीची बाटली

२ मे

सूनबाईनं आज घरात दारूची बाटली आणली आणि यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगण्यासारखं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. मुलाला सांगितलं तर तो म्हणतो, "आई, तू पुन्हा सुरू करू नकोस हं." धाकट्या बहिणीला सांगावं तर उद्या सकाळपर्यंत दवंडी! कागद बरा. उलट बोलत नाही.

या घरात सात वर्षं दारूचा थेंब आलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा मी लेबल वाचून आणते. यांची उभी हयात क्लबच्या काउंटरमागे गेली. लोकांना पाजता पाजता स्वतः प्यायले, आणि शेवटी पिवळे होऊन हॉस्पिटलात पडले. डॉक्टरांनी मला बाजूला नाही घेतलं, यांच्या तोंडावरच सांगितलं— "यापुढे घेतलीत तर माझ्याकडे येऊ नका. माझ्या हातात काही उरणार नाही." यांनी सोडली. त्यांनी सोडली आणि मी राखण केली. राखणीची मला सवय आहे. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. मुली पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणत. मला माहीत होतं. आवडायचं.

३ मे

सूनबाई तळ्याकाठच्या हॉटेलात आहे. ट्रे उचलायचे, टेबलं सांभाळायची, दिवसभर पाय मोडायचे. मालक यंदा उन्हाळ्यासाठी गच्ची उघडतोय. त्यानं कुठून तरी डच लोकांच्या जुन्या दारूची खोकी उतरवून घेतली आहेत. नाव येनेव्हर. "जिनची आजी आहे ती," हे म्हणाले. बोलताना डोळे चमकले. मी पाहिलं. तर त्या दारूचं जो कोणी सगळ्यात झकास गार पेय करून दाखवेल, त्याच्याकडे गच्चीचा काउंटर. हाताखाली माणसं, आणि बसायला उंच खुर्ची.

सूनबाई मला सरळ म्हणाली, "आई, बाबांइतका हात या गावात कुणाचा आहे? ते फक्त शिकवतील. चव मी घेईन."

"आणि त्यांनी घेतली तर?"

"मी समोर असेन ना."

"तू समोर नसशील तेव्हा बाटली कुठे असेल?"

मुलगा मध्ये पडला. "आई, वसतिगृह सुटलं. मुली सुटल्या. आता बाबांनाही सोड!"

सगळे हसले. हेही हसले. मी हसले नाही.

शेवटी ठरलं ते असं— हात यांचा, जीभ सूनबाईची, बाटली स्वयंपाकघरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी 'बरं' म्हटलं. मी 'बरं' म्हणते तेव्हा काय समजायचं ते वसतिगृहातल्या मुलींना कळायचं. घरच्यांना अजून कळत नाही.

४ मे

बाटलीच मला पटत नाही. भाजक्या मातीची, तपकिरी, नळकांड्यासारखी उंच, गळ्याशी एक इवलासा कान. आत किती आहे ते दिसत नाही! काचेची असती तर येता-जाता नजर टाकली असती. हिच्याकडे बघून काय कळणार? आतल्या गाठीच्या माणसासारखी उभी आहे ओट्यावर.

५ मे

आज पहिला धडा. मी भाजी निवडायचं निमित्त करून तिथंच बसले.

यांनी लिंबाची साल काढली. सुरी अशी फिरवली की आतलं पांढरं सालीला लागलं नाही. लांब, अखंड, पिवळी फीत! मग काकडीची साल. दोन्ही बाटलीच्या गळ्यातून आत सोडल्या. "आता ही बाटली गार जागी मुरू दे. चाचणीला हीच न्यायची. तिथं सगळे ताजी दारू ओततील, आपली मुरलेली असेल."

सरावासाठी त्यातली थोडी काढून घेतली. लिंबाचा रस, साखरेचा पाक, बर्फ. पुदिन्याची पानं एका तळहातावर ठेवून दुसऱ्यानं टाळी दिली. "कुस्करायचा नाही, जागा करायचा." वर सोडा. उंच ग्लास, बाहेरून लगेच घाम फुटलेला.

सूनबाईनं घोट घेतला. "बाबा! उन्हात झाडाखाली बसल्यासारखं वाटतं!"

"आंबट?"

"थोडं."

"तर मग पाक वाढव. थोडं म्हणजे किती ते तुझी जीभ सांगेल, माझी नाही."

ग्लास यांनी नाकापर्यंत नेला आणि खाली ठेवला. नाकापर्यंत! डॉक्टरांनी नाकाबद्दल काही सांगितलं नव्हतं, हे खरं. पण घर जळायच्या आधी धूरच येतो.

हात मात्र थरथरला नाही. सात वर्षांत चहाचा कपसुद्धा बशीत सांडल्याशिवाय यांनी आणला नव्हता.

७ मे

हे गुणगुणत होते. दाढी करताना. सहज म्हणून कुणी गुणगुणतं का?

९ मे

यांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास.

वसतिगृहात पेपरमिंट म्हणजे अर्धा कबुलीजबाब असायचा. विचारलं, "पेपरमिंट कशाला?" म्हणाले, "जेवण जड झालं." दुपारी भाताची पेज होती!

१० मे

विणायची लांब सुई बाटलीत बुडवून पाहिली. किती ओली होते ते बघितलं. सकाळी एक खूण, संध्याकाळी दुसरी. पण मधल्या वेळात सूनबाईनं सरावाला घेतलेली असते, मग कमी झाली ती कशानं हे कसं ओळखायचं? सुई राखेनं घासून धुतली तरी वास जात नाही. स्वेटर विणला तर स्वेटरही झिंगेल.

आणखी एक. सूनबाई आता चव नीट घेत नाही. चमचा ओठांना लावते, "छान आहे" म्हणते आणि सिंककडे वळते. आधी कशी "थोडं आंबट, थोडं गोड" करत तासभर चालायचं! आता दोन मिनिटांत "छान". कुणाला वाचवतेय ती? दोघं मिळून मला बनवताहेत असं वाटतं. ताकास तूर लागू देत नाहीत.

११ मे

ठरवलं. आणि केलंसुद्धा.

दुपारी हे आडवे झाले, मुलगा आणि सूनबाई कामावर. बाटलीतली वाटीभर सिंकमध्ये ओतली, नळ सोडला. तेवढंच पाणी बाटलीत घातलं. उकळून गार केलेलं. पोटात जायचंच असेल तर निदान स्वच्छ जावं! साली आतच राहू दिल्या. बूच लावलं. बाटली होती तशीच, आतल्या गाठीची. आता आम्ही दोघी सारख्या.

यांना सांगून सवरून काही होणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा सुलट्या घड्यात घातलेलं काय वाईट?

१२ मे

आज पुन्हा एक वाटी.

१४ मे

रोज एक वाटी. कुणाच्या लक्षात नाही. लिंबू-काकडीचा वास एवढा पसरलाय की दारूचं नाव काढायला नको.

आज मात्र यांनी माप वाढवलेलं दिसलं. "एवढी का घातलीत?" म्हटलं. "ऊन वाढलं ना. बर्फ भराभर वितळतो, पेय पातळ होतं." बरोबर वाटलं ते.

१६ मे

सूनबाई सकाळी न्हाणीघरात ओकली. मी दाराबाहेर उभी. बाहेर आली तशी विचारलं, "किती घेतलीस काल?"

ती भिंतीला टेकली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी आणि हसतेय! "आई, दारू नाही हो. दिवस गेलेत मला. आठवडा झाला कळून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थांबा मग सांगा, म्हणून बोलले नाही."

आधी तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मग मला बसावं लागलं.

"म्हणजे तू चव..."

"एक थेंब घेतला नाही तेव्हापासून. बाबांना वाईट वाटेल म्हणून चमचा तोंडाला लावत होते. काउंटर तर आता हवाच आई, ट्रे घेऊन किती महिने फिरणार मी?"

तिच्या डोक्यावरून हात फिरवला. असं मी सहसा करत नाही. तिनंही चमकून पाहिलं.

संध्याकाळ

दुपारभर एकच हिशेब मनात. आता लिहिते म्हणजे पक्का होईल.

सूनबाई चव घेत नव्हती. बाटलीत मी पाणी घालतेय. रोज. आता बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी असणार. आणि हे— ज्यांना झोपेतसुद्धा दारूचा कस ओळखता यायचा— हे एका शब्दानं काही बोलले नाहीत! एक घोट जरी घेतला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कळलं नाही, म्हणजे घेतला नाही.

घेतला नाही!

यांना जेवायला वाढताना दोनदा वाढलं. म्हणाले, "आज काय विशेष, बाईसाहेब?" म्हटलं, "काही नाही. आजोबा होणार आहात." त्यांना तेवढंच सांगितलं.

१८ मे

आता निस्तरायचं कसं? चाचणी चोवीसला आणि बाटलीत पाणी. सांगावं तर, "तुमच्यावर पाळत ठेवली होती" हे पण सांगावं लागेल. आजोबा होणार म्हणून माणूस हवेत चालतोय, त्याला हे सांगू?

दारूच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा! छत्री चेहऱ्यापुढे धरून. ऊन होतंच, त्यामुळे शोभलं. गल्ल्यावरची बाई उठून उभी राहिली. "मॅडम! तुम्ही?" माझ्या वसतिगृहातली निघाली! बारा नंबर खोली, खिडकीजवळची. मी म्हटलं, "येनेव्हर आहे का?" तिचा जबडा खाली. "ती नसते मॅडम. मागवावी लागते, महिना लागतो. जिन देऊ?" जिन चालणार नाही, रंग आणि वास वेगळा, एवढं आता मलाही कळतं. निघाले तर मागून हाक— "मॅडम, माझ्या कपाटातून काढून नेलेली बाटली परत मिळेल का? आता तर वयही झालंय माझं!" दुकानातले सगळे हसले. मीसुद्धा, छत्रीआड.

रिकाम्या हातानं परत.

२१ मे

मनाची समजूत घातली. उन्हाळी पेय आहे. सौम्य असलेलं बरं. पाकानं आणि लिंबानं वेळ मारून नेता येईल. मालकाला काय कळतंय, एके काळी यांच्या हाताखाली ग्लास पुसायचा तो.

खोटी समजूत. माहीत आहे मला.

२४ मे

तळ्याकाठची गच्ची. पांढऱ्या छत्र्या, वेताच्या खुर्च्या, कठड्यावर ओळीनं ठेवलेले ग्लास. चौघांची पेयं आधी झाली. कुणी कलिंगड घातलेलं, कुणी आलं. सूनबाईचा नंबर शेवटचा. यांनी फक्त बर्फ फोडून दिला, बाकी सगळं तिनं केलं. पुदिन्याला टाळी दिली तेव्हा वास पार माझ्यापर्यंत आला. किती सुरेख करत होती!

मालकानं घोट घेतला. डोळे मिटले. "वा! वास काय, गारवा काय!" पुन्हा घोट. मग ग्लास उजेडात धरला. "उस्ताद, सरबत झकास जमलंय. दारू घालायची राहिली का?"

हशा.

मग त्यानं मातीची बाटली उचलली आणि एका छोट्या ग्लासात काठोकाठ नुसतीच ओतली. ग्लास न उचलता टेबलाशी वाकून पहिला घोट घेतला. डच लोक अशीच पितात म्हणे. वाकलेलाच राहिला. हळूच सरळ झाला आणि यांच्याकडे बघितलं. सूनबाईकडे नाही, यांच्याकडे.

"अर्धं पाणी आहे, उस्ताद."

त्यानं बूच लावून बाटली बाजूला सारली.

"जुना हात विसरला नाहीत म्हणायचं! पिऊन झाली की पाणी भरून बाटली पूर्ववत— क्लबात ही विद्या आम्ही तुमच्याकडूनच पाहिली." आवाज चेष्टेचा होता. चेहरा नव्हता.

मुलगा उठला. सूनबाई बाटलीकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं, शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. त्याआधीच हे म्हणाले,

"माझी चूक झाली."

एवढंच. मग खाली बघून बर्फाचं भांडं पुसत बसले.

२५ मे

रात्री मुलगा काय काय बोलला! "सात वर्षं, बाबा! सात वर्षं आईनं तुम्हाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि तुम्ही सुनेच्या पोटावर पाय देऊन पाणी भरत बसलात? आजोबा व्हायचंय तुम्हाला? असा आजोबा?" सूनबाई खोलीत. दार लावलेलं, आतून आवाज नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

हे ऐकून घेत होते. एक शब्द नाही.

आणि मीही एक शब्द नाही. ज्या तोंडानं दोनशे मुलींना फैलावर घेतलं त्याला कुलूप!

पण आज पहाटेपासून एकच गोष्ट घोळते आहे. 'माझी चूक झाली.' कसली चूक? यांनी थेंबही घेतलेला नाही. तरी आपल्यावर का घेतलं? घरात बाटलीला हात लावणारी दुसरी कोण होती? म्हणजे यांना कळलं. गच्चीवर मालक 'पाणी' म्हणाला त्या क्षणीच कळलं असणार की ही माझी करणी. आणि लोकांसमोर, सुनेसमोर बायकोची फजिती नको म्हणून स्वतः चोर झाले!

मी याच माणसाचं तोंड हुंगत होते.

२६ मे

सांगितलं.

नाश्त्याला सगळे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी उभी राहिले, बसून जमलं नसतं. म्हटलं, "बाटलीत पाणी मी घातलं. अकरा तारखेपासून रोज. यांचा काही दोष नाही. यांनी घेतली असती तर यांना चव कळली असती आणि बोलले असते. म्हणजे यांनी घेतली नाही, हे माझ्या पाण्यानंच सिद्ध होतं."

मुलाच्या हातातला पाव तसाच. "आई... तू?"

"मी."

"रोज?"

"रोज. उकळून गार केलेलं."

सूनबाई म्हणाली, "आई, एकदा मला विचारलं असतंत तर मीच बाटली माझ्या कपाटात कुलपात ठेवली असती." रागानं म्हणाली. हक्क आहे तिचा. मी मान खाली घातली, आणि ती मान खाली गेलेली या घरात पहिल्यांदाच दिसली सगळ्यांना.

मुलगा उठून यांच्याजवळ गेला. "बाबा, चुकलो मी. काय वाट्टेल ते बोललो." यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे खांदा आखडून बसले. म्हणाले, "असू दे, असू दे." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू— "कशाला सांगितलंस?"

रागावले असणार. उठून खोलीत गेले, चहा तसाच.

२७ मे

हॉटेलात जाऊन मालकाला भेटले. छत्री न उघडता.

सगळं सांगितलं. तो आधी थक्क, मग पोट धरून हसला. "वहिनी, क्लबात उस्तादांनी अख्ख्या गावाला फसवलं, आणि उस्तादांना तुम्ही!" मग जरा ओशाळला. "मी गच्चीवर बोललो ते... उस्तादांना सांगा, मनावर घेऊ नका म्हणावं." म्हटलं, "तुम्हीच येऊन सांगा. आणि माझ्या सुनेला पुन्हा एक संधी द्या. चूक तिची नव्हती." नवी बाटली दिली. दहा तारखेपर्यंत मुदत.

मालक संध्याकाळी घरी आला, यांचे दोन्ही हात धरून माफी मागून गेला. हे नुसते मान हलवत होते. बिचारे कानकोंडे होतात कुणी माफी मागितली की.

२९ मे

आता चव कोण घेणार? सूनबाई नाही, हे नाहीत, मुलगा सकाळी जातो तो रात्री येतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अजिबात नाही!" म्हटलं.

"आई, तुम्ही आमची बाटली बिघडवलीत," सूनबाई म्हणाली. "आता जीभ द्या."

पासष्टाव्या वर्षी पहिला चमचा. खोकल्याच्या औषधासारखं, मग भाकरीच्या पिठासारखं, मग जंगलासारखं! नाकातून वाफ. सूनबाई हसून हसून टेबलावर पडली. यांनाही हसू आलं असतं एरवी. आज हे खिडकीशी उभे होते, पाठमोरे. म्हटलं, "अहो, बघा तरी, तुमची कडक इस्त्री चमच्याचमच्यानं प्यायला लागली!" वळले. चेहरा पांढरा पडलेला. "ऊन लागलंय," म्हणाले आणि गेले.

३ जून

जीभ तयार झाली आहे माझी! कालचं गोड, परवाचं बोथट. आज थांबवलं— "हं, हेच." सूनबाईनं पाकाचं माप चमच्यावर खूण करून ठेवलं. साली या वेळी थोडेच दिवस मुरणार, म्हणून तिनं दुप्पट घातल्या. हे सुचवलं यांनी नाही, तिनंच. हे आता फारसे स्वयंपाकघरात येत नाहीत.

५ जून

हे जेवत नाहीत नीट. माझ्यावरचा राग अजून उतरला नसेल. असा अबोला यांनी लग्नानंतर कधी धरला नव्हता. बोलून टाकलं असतं तर बरं. सुनेचं काम होऊ दे, मग मीच विषय काढेन.

८ जून

मिळाला! गच्चीचा काउंटर सूनबाईला मिळाला!

मालकानं ग्लास रिकामा करून उलटा ठेवला. "आता कळली दारू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई काउंटरमागच्या उंच खुर्चीवर बसली, तिथून मला हात केला. "ही चव माझ्या सासूबाईंची," असं चारचौघांत म्हणाली. मी मोठ्यांदा म्हटलं, "पाणी सोडून!" सगळी गच्ची हसली.

हे आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

९ जून

दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. हे स्वयंपाकघरात आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "तू पाणी घालतेस ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

चाखल्याशिवाय ते कळत नाही. म्हणजे गच्चीवर सूनबाई ग्लास भरत होती तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. बोलले असते तर ती वाचली असती, आणि हे उघडे पडले असते.

"तू सगळ्यांसमोर मला निर्दोष ठरवलंस," म्हणाले, "त्या दिवसापासून घास उतरत नाही."

त्यांनी टेबलावर ठेवलं ते: काचेची चपटी बाटली, एक, रिकामी. तसलीच दुसरी, अर्धी. त्यांच्या चपलांच्या कपाटाची किल्ली. आणि डॉक्टरांकडच्या उद्या सकाळच्या वेळेची चिठ्ठी; वेळ त्यांनी स्वतः फोन करून घेतलेली.

मी काहीच विचारलं नव्हतं.